पाण्याच्या टोकाला कोण?

“हा पट्टा पांढराच का ठेवलाय, अम्मा? रंग संपला का?”

आमच्या ऑफिसचे मूर्तीसाहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते. त्यांचं बोट नकाशावर बोरतळ्याच्या काठाशी होतं. तळं मी निळं रंगवलं होतं. पलीकडची शेती हिरवी, आदिलाबादकडून सरकत येणारी घरं पिवळी. मधे मात्र नखाएवढी एक पांढरी कोर राहून गेली होती.

“संपला नाही, सर. कोणता द्यायचा तेच कळत नाहीये.”

“पाणी आहे की जमीन?”

“दोन्ही.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसायला लागले, की आपलं काम वाढलं असं समजायचं. आमचं बोलणं तेलुगूत व्हायचं, त्यातलं अम्मा म्हणजे आपलं ‘बाई’. इथं मराठीत सांगते आहे.

ही आदिलाबाद आंध्र प्रदेशात होतं तेव्हाची, नव्वदीतली गोष्ट. मी नगररचनेत असिस्टंट प्लॅनर होते. शहर पुढं कुठं वाढणार, घरं कुठं, कारखाने कुठं, कोणती शेती राहू द्यायची, हे नकाशावर रंगांनी ठरवायचं, हे माझं काम. त्याला लँड यूज प्लॅन म्हणतात. प्लॅन एकदा वरून मंजूर झाला, की रंग हाच कायदा. पिवळ्यात घर बांधता येतं, हिरव्यात येत नाही, निळ्यात पेरलं तरी अतिक्रमण. माझा बाप तलमडुगुकडं दुसऱ्यांच्या रानात ज्वारी कापायचा. त्याला एकदा मी माझं काम समजावून सांगितलं, तर म्हणाला, “मंजे जमिनीत पाय न ठेवताच तिचं काय करायचं ते तुमी ठरवता? बरं हाय.” हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या पांढऱ्या कोरीत मात्र मी पाय ठेवून आले होते. चपला हातात घेऊन.

बोरतळं मावल्याच्या पुढं, रस्त्यापासून आत. तळं भरलं की पाणी जिथपर्यंत पोचतं, त्या रेघेला फुल टँक लेव्हल म्हणतात. दिवाळीनंतर पाणी मागं सरकायला लागतं आणि काळा, लोण्यासारखा गाळ उघडा पडतो. त्यात नांगर लागत नाही, खत लागत नाही. पाणी जसं उतरतं तसं त्याच्या मागं मागं पेरत जायचं. वर हरभरा नि जवस, त्याखाली ज्वारी, आणि उन्हाळ्यात अगदी पाण्याच्या कडेला काकडी, टरबूज. याला गाळपेर म्हणतात. महसूल खात्यात अशा जमिनीला निजामाच्या वेळेपासूनचा शब्द आहे, शिकम. म्हणजे तळ्याचं पोट. पावसाळ्यात पुन्हा सगळं पाण्याखाली. म्हणजे वर्षाचे काही महिने जमीन, काही महिने पाणी. मग रंग कोणता द्यायचा?

ही गाळपेर शेजारच्या वस्तीतली माणसं करायची. बहुतेक आमच्यासारखीच, बौद्ध. कुणाच्याच नावावर जमीन नाही. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या कापसात मजुरी आणि त्यानंतर वर्षभराची भाकरी या गाळातून. पट्टा निळा झाला तर ती अतिक्रमणवाली ठरणार होती, पिवळा झाला तर घरांखाली जाणार होती. म्हणून मी तो पांढरा ठेवला होता. दुसरं काय करणार?

मूर्तीसाहेबांनी चष्मा घातला.

“अम्मा, मी काकिनाड्याकडं होतो तेव्हा समुद्राचं हेच व्हायचं. जमिनीचं खातं म्हणायचं आमचं काम पाण्यापाशी संपतं. बंदरवाले म्हणायचे आमचं पाण्यापासून सुरू होतं. मधे भरतीची एक रेघ, ओहोटीची एक रेघ, आणि त्या दोन रेघांमधे कोळी. होड्या ओढणार, जाळी वाळवणार, मासळी सुकवणार. शेवटी किनाऱ्याचा कायदा आला. त्यात त्या मधल्या पट्ट्याला वेगळं नाव, वेगळे नियम. जमीनवाले नि पाणीवाले एका टेबलावर बसवता बसवता माझे केस गेले.”

“आपल्या तळ्यालाही भरती-ओहोटी आहे, सर. वर्षातून एकदाच येते, एवढंच.”

साहेब हसले. ते फारसे हसत नसत. “मग दे तिसरा रंग. निळ्या नि हिरव्या रेघा, एक सोडून एक. नाव दे, हंगामी पट्टा. जॉइंट कलेक्टरांना मी सांगतो.”

मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण समुद्राचा कायदा आपण तळ्याला लावणार, या विचारानं मी दुपारचा डबाही खाल्ला नाही.

जॉइंट कलेक्टर उत्तरेकडचे, तरुण, हिंदीत बोलणारे. सगळे त्यांना जेसीसाहेब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. त्यांनी रेघारेघांचा पट्टा नीट पाहिला, प्रश्न विचारले, आणि म्हणाले, “कल्पना चांगली आहे. पण वेगळा पट्टा करायचा तर त्यावर कुणाचा तरी हक्क असला पाहिजे. लोकांनी माझ्यासमोर येऊन सांगावं की ही जागा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसतो, कब्जा आमचा आहे. एवढं एक वाक्य मला द्या. तेही नसेल तर सरळ रेघ ओढा. अलीकडं जमीन, पलीकडं पाणी.”

शेजारी पाटबंधारेचे इंजिनिअर बसले होते. एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, म्हणून सगळे ईई म्हणायचे. ते म्हणाले, “सर, रेघ ओढायचीच असेल तर आत्ता पाणी जिथं थांबतं तिथं ओढा. फुल टँक लेव्हलपर्यंत पाणी येतच नाही. सांडवा मोडलाय.”

सांडवा म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणारी भिंत. ती जेवढी उंच, तेवढंच तळं भरतं. बोरतळ्याच्या सांडव्याचा वरचा भाग एका पुरात वाहून गेला होता, तेव्हापासून तळं कमीच भरत होतं.

“उद्या सांडवा दुरुस्त झाला तर?” मी विचारलं.

“मॅडम, बजेट कुठंय?”

“पण झाला तर?”

“झाला तर बघू.”

आमच्या सरकारी कामकाजात ‘बघू’ या शब्दाइतकी माणसं दुसऱ्या कशानं बुडवली नसतील.

सुनावणीची तारीख ठरली. जेसीसाहेब म्हणाले, “ऑफिसात नको. लोकांना ऑफिसात बोलावलं की ते ऑफिससारखं बोलतात. तळ्यावरच घेऊ.” आम्हा सगळ्यांना हे फार पटलं. मूर्तीसाहेब तर परत येताना जीपमधे म्हणाले, असा अधिकारी दहात एखादा.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी कौसाबाईकडं गेले. वस्तीतली जाणती बाई. नवरा लवकर गेलेला. एकुलता एक मुलगा प्रकाश तिनं या गाळाच्या जोरावर शिकवला आणि तो नुकताच नार्नूरला मास्तर लागला होता. तिच्या दारात मी खाटेवर बसले आणि तिला शिकवायला लागले.

“मावशी, उद्या साहेब विचारतील. तुम्ही फक्त एवढंच सांगा, की जागेवर कब्जा आमचा आहे.”

“कब्जा मंजे?”

“ताबा.”

“ताबा तं पान्याचा असते ना वं, पोरी. थे सरकलं का मंग आमी.”

“तेच. पण त्यांना असं नाही सांगायचं. त्यांना सांगायचं, आमची आहे.”

कौसाबाईनं कानावर हात ठेवले. “नाई बाप्पा. ‘माही’ मनलं का दोरी बंद.”

ही दोरी मला तेव्हा नव्यानं कळली. दर वर्षी पाणी उतरायला लागलं, की सगळी वस्ती काठावरच्या मोहाच्या झाडाखाली जमते. वरच्या, फुल टँक लेव्हलच्या दगडापासून खाली पाण्यापर्यंत एक लांब दोरी ताणतात. तिचं जमिनीचं टोक वस्तीतल्या माणसाच्या हातात. कौसाबाईचा सासरा धरायचा, आता ती धरत होती. पाण्याचं टोक मात्र भोयाच्या हातात. भोई म्हणजे तळ्यात मासे धरणारा. त्याला जमिनीत काही मिळवायचं नसतं, म्हणून तो खाली गुडघाभर पाण्यात उभा राहून टोक धरतो, आणि त्याची जाळी टाकायची वाट कुणी पेरायची नाही हेही तोच बघतो. मग काठीनं माप घेत दोरी बाजूला सरकवायची. प्रत्येक घराला वरपासून खालपर्यंत एक पट्टी. थोडी कोरडी, थोडी चिखलाची. कुणाला नुसतं चांगलं नाही, कुणाला नुसतं वाईट नाही. पुढच्या वर्षी नव्यानं वाटणी.

आणि दोरी ताणायच्या आधी भोई मोठ्यानं विचारणार, “जागा कोनाची?” सगळ्यांनी एका आवाजात सांगायचं, “तळ्याची.” जो सांगणार नाही त्याची पट्टी त्या वर्षी नाही. मागं एकानं आपल्या पट्टीला काटे लावले आणि माझी म्हणाला. पुढच्या दिवाळीला दोरी त्याला ओलांडून पुढं गेली. वर्षभर त्यानं दुसऱ्याच्या घरची ज्वारी खाल्ली आणि मग स्वतःच्या हातानं काटे काढले.

मी ऐकून घेतलं आणि सांगितलं, “मावशी, ते तुमचं तुमच्यात. उद्याचं वेगळं आहे. उद्या ‘आमची’ म्हणाला नाहीत, तर पुढं दोरीच राहणार नाही.”

कौसाबाई म्हणाली, “आमी कसतो मनू? थे तं खरं हाय.”

“तेवढंही चालेल. पण म्हणा. आणि बाकीच्यांनाही सांगा.”

“सांगते.”

भोई लचन्नालाही मी गाठलं. साठीचा, तेलुगू माणूस, मराठी तोडकी बोलायचा पण बोलायचा. तो म्हणाला, “अम्मा, मी काय बोलू? मी पानीवाला. पन हे लोक गेले तर मले पन जावं लागते. मासा काठाचं खाते, काठ हे लोक ठेवते.” याहून चांगलं कोस्टल प्लॅनिंग मी पुढं कुठल्या ट्रेनिंगमधे ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोहाखाली सतरंजी टाकली, टेबल-खुर्च्या आल्या. पाणी नुकतंच उतरायला लागलं होतं आणि काठचा गाळ चमकत होता. जेसीसाहेब, ईई, मूर्तीसाहेब एका रांगेत बसले. महसूलचे गिरदावर, म्हणजे मंडळ निरीक्षक, रहीमभाई उभे होते. त्यांना वस्तीची बोली चांगली यायची, म्हणून मधे बोलायचं काम त्यांच्याकडं होतं.

माणसं आली आणि दर वर्षी बसतात तशीच बसली. तेच झाड, तेच दिवस, तोच उतार. वस्ती वरच्या अंगाला, पुढं कौसाबाई. लचन्ना खाली, पाण्याच्या बाजूला, कारण तो कायम तिथंच उभा राहायचा. माझ्या हे लक्षात आलं, पण त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटण्यासारखं होतं तरी काय?

जेसीसाहेबांनी सुरुवातीला दोन शब्द गोड बोलून घेतले. मग वही-पेन बाजूला ठेवून, हात गुडघ्यावर टेकून, अगदी घरच्यासारखं विचारलं, “अच्छा, तो बताइए, ये ज़मीन किसकी है?”

रहीमभाई वस्तीकडं वळले, घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणाले, “जागा कोनाची?”

“तळ्याची!”

बाया, गडी, कडेवरची लेकरंसुद्धा. एका आवाजात. पाण्यावरून तो आवाज परत आला. लचन्नाचाही त्यात होता. आणि सगळ्यांत आधी कौसाबाईचा.

कौसाबाईनं लगेच तोंडावर पदर दाबला. तिच्या डोळ्यांत मला दिसलं, की तिलाही कळलंय. पण बाण सुटला होता. ईई आधी खुदकन हसले, मग मोकळे हसले. रहीमभाई बिचारे गोंधळून जेसीसाहेबांना म्हणाले, “साहब, बोल रहे हैं, तालाब की है.”

“मैंने सुना,” जेसीसाहेब म्हणाले.

मी उठले. “सर, ही त्यांची रीत आहे. हे उत्तर नाही, ही पेरणीच्या आधीची शपथ आहे. ते लोक इथं पिढ्यान्‌पिढ्या—”

“मॅडम, मी विचारलं, त्यांनी सांगितलं. इतकं एकमत मी नोकरीत पाहिलं नाही.”

“पुन्हा विचारा, सर.”

त्यांनी पुन्हा विचारलं. त्यांचा तो मोठेपणा होता. रहीमभाईंनी या वेळी शब्द बदलून विचारलं, की तुमचा काही हक्क आहे का, असेल तर बोला. आता कुणी बोलेना. ज्यानं बोलायचं, त्यानं सगळ्यांदेखत तळ्यावर दिलेला शब्द फिरवायचा. कौसाबाईनं मान वर केली, तोंड उघडलं, मोहाकडं पाहिलं, खाली लचन्नाकडं पाहिलं, आणि म्हणाली, “आमी कसतो, साहेब. पान्यानं देल्लं तं कसतो.”

“आणि पाण्यानं नाही दिलं तर?” ईईंनी विचारलं.

“तं नाई कसत.”

ईईंनी जेसीसाहेबांकडं पाहून दोन्ही हात पसरले. तळ्याची जागा, तळं पाटबंधारेचं, विषय संपला. मला त्या माणसाचा इतका संताप आला की शेजारी साहेब नसते तर मी काय बोलले असते सांगता येत नाही. मूर्तीसाहेबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तेलुगूत हळूच म्हणाले, “बस, अम्मा.”

संध्याकाळी मी वस्तीत गेले. मला रागवायचं होतं. कौसाबाई चुलीपुढं बसली होती, चूल पेटवलेली नव्हती.

“मावशी, काऊन केलं असं?”

“तोंडातून गेलं वं, माय. रोजचं तोंड हाय.” मग म्हणाली, “अन् खोटं तं नाई बोललो ना आमी?”

मी तिच्याजवळ बसून राहिले. मला रडू येत होतं आणि ते तिला दिसू नये असंही वाटत होतं. तिनं ते पाहिलंच. “तू काऊन रडून राह्यली? तुही का जमीन गेली?” असं म्हणून ती चूल पेटवायला उठली.

रेघ ओढली गेली. मोडलेल्या सांडव्यानं जिथं पाणी थांबत होतं, तिथून. रेघेच्या खाली निळं. तिथं पेरलं की पाटबंधारेचा माणूस येऊन उपटून टाकायला लागला. रेघेच्या वर सरकारी जमीन, आणि शहराला लागून असल्यानं पिवळी. रंग माझ्याच ब्रशनं भरायचा होता. मी तिसऱ्या रंगासाठी लेखी मत दिलं, मूर्तीसाहेबांनी त्यावर सही केली, ते वरून जसंच्या तसं परत आलं. साहेबांची पुढं बदली झाली. जाताना म्हणाले, “समुद्र मोठा असतो, अम्मा, त्याला सगळे घाबरतात. तळ्याला कोण घाबरतो?”

वस्तीतली माणसं हळूहळू पांगली. काही जिनिंगमधे, काही वीटभट्टीवर. लचन्ना एकटाच तळ्यात जाळं टाकायचा. त्यानं मला एकदा बाजारात गाठून सांगितलं, की मासा कमी झालाय. काठावर कुणी नसल्यानं रात्रीचे कुणीही येऊन जाळी टाकतात.

आणि पिवळ्यात कॉलनी आली. नोकरदारांची हाउसिंग सोसायटी. मास्तर, क्लार्क, कंपाउंडर. त्यात आमची माणसं पुष्कळ. शिकली-सवरली, पहिल्यांदाच स्वतःचं पक्कं घर बांधणारी. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ धजत नाही. सोसायटीची चिठ्ठी निघाली, त्यात प्रकाशचा नंबर लागला आणि त्याला प्लॉट मिळाला.

तो मला पेढे द्यायला ऑफिसात आला होता.

“प्रकाश, ती जागा कुठली आहे माहीत आहे ना?”

“माहीत हाय, ताई. मायनं तथी जन्मभर चिखल तुडवला. आता तिच्या पायाखाली फरशी पाह्यजे.” तो हे अगदी मनापासून बोलला. मी पेढा खाल्ला.

वास्तुशांतीऐवजी बुद्धवंदना झाली. मी गेले होते. कौसाबाई नव्या फरशीवर चटई टाकून बसली होती. मी विचारलं, “कसं वाटतंय, मावशी?”

“थंड लागते,” ती म्हणाली. एवढंच.

पुढं काही वर्षांनी एका योजनेत जुनी तळी दुरुस्त करायला पैसे आले. पाटबंधारेत तोवर नवे इंजिनिअर आले होते. तरुण, हुशार, प्रामाणिक. त्यांनी जुनी कागदपत्रं काढून बोरतळ्याचा सांडवा मूळ उंचीला बांधून काढला. काम उत्तम झालं, हार-तुरे झाले, पेपरात फोटो आला. त्यांनी आम्हाला विचारलं नाही, कारण सांडवा हे पाण्याचं काम. आम्ही कॉलनी मंजूर करताना त्यांना विचारलं नव्हतं, कारण कॉलनी हे जमिनीचं काम. फोटो पाहून मी आमच्या तेव्हाच्या साहेबांना सांगितलं, “सर, तळं आता पहिल्यासारखं भरेल. कॉलनी त्याच्या पोटात आहे.” ते म्हणाले, “पत्र टाकून ठेवा.” पत्र टाकलं. ते कुठंतरी पडून असेल.

एका भादव्यात तळं पहिल्यासारखं भरलं. पाणी मुकाट्यानं वर चढत आलं, दोरीच्या त्या दगडापर्यंत, जिथपर्यंत त्याचं येणं होतं तिथपर्यंतच. पण आता तिथं स्वयंपाकघरं होती. जीव कुणाचा गेला नाही. धान्य गेलं, पुस्तकं गेली, एका घरातली लग्नाची सगळी तयारी गेली. माणसं शाळेच्या व्हरांड्यात आली.

मला लेआउट तपासायला पाठवलं होतं. मी पोचले तेव्हा पंचनामा सुरू होता. नुकसानीची मदत ज्याची जागा, त्यालाच मिळणार, म्हणून महसूलचा नवा माणूस आधी तेच ठरवून घेत होता. गर्दी गोंगाट करत होती. तो खुर्चीवर चढला आणि ओरडला, “अरे, एकेक करून बोला! जागा कोनाची?”

“आमची!”

एका आवाजात. मास्तर, क्लार्क, त्यांच्या बायका, दप्तरं भिजलेली लेकरं. प्रकाशचा हात सगळ्यांत वर होता.

कौसाबाई भिंतीला टेकून, ओल्या घोंगडीत बसली होती. फार म्हातारी दिसत होती. मी तिच्याजवळ खाली बसले. ती त्या आरोळीनं दचकली होती आणि गर्दीवरून पलीकडं, पाण्याकडं बघत होती.

“लचन्ना कुठी हाय वं?” तिनं विचारलं.

“मावशी, लचन्ना मागच्या उन्हाळ्यात गेला ना.”

तिनं पाण्याकडं हात केला.

“मंग पान्याच्या टोकाले कोन हाय?”

त्या हिवाळ्यातच ती गेली.

कॉलनीचं काय झालं ते सांगायला हवं. आमच्या नि पाटबंधारेच्या साहेबांची पहिल्यांदाच एका टेबलावर मीटिंग झाली. चहा झाला, बिस्किटं झाली. घरं तर आता हलवता येत नाहीत, म्हणून नव्या बांधलेल्या सांडव्याचा वरचा भाग फोडून टाकायचं ठरलं, आणि तो फोडला. तळं आता पुन्हा कमी भरतं. दोन्ही खात्यांमधे समन्वय साधला गेला, असं मीटिंगच्या अहवालात आहे.

रिटायर झाल्यावर कधीमधी नव्या प्लॅनरांपुढं बोलायला मला बोलावतात. त्यांच्याकडं उपग्रहाचे नकाशे असतात, कॉम्प्युटरवर हवे तेवढे रंग असतात. मी त्यांना एकच सांगते. रेघ ओढताना एक टोक तुमच्या हातात असतं. ओढायच्या आधी मान वर करून बघा, दुसरं टोक कुणी धरलंय का.